जहाजावरचा मामा

केकवर अक्षर काढण्यात तिचा हात धरणारं त्या बेकरीत कुणी नव्हतं. प्लास्टिकच्या कोनात क्रीम भरायचं, टोक कात्रीने एवढंसं उडवायचं आणि श्वास रोखून एका दमात 'हार्दिक अभिनंदन' लिहून मोकळं व्हायचं. चूक झाली तर वरचा थर खरवडून पुन्हा लावावा लागतो, आणि असा केक कितीही सारवला तरी रडून झाल्यावर पावडर लावलेल्या तोंडासारखा दिसतो. गिऱ्हाइकं कागदावर 'दिर्घायूशी' असलं काहीही लिहून आणत. ती काही न बोलता ते नीट करून केकवर उतरवी. त्यावरून सगळे तिला अक्षरताई म्हणू लागले. तिलाही ते आवडे. दुसरं मिरवण्यासारखं तिच्याकडे फारसं नव्हतं.

त्या शनिवारी मात्र दुपारपर्यंत तिने दोन केक बिघडवले. दुसऱ्यावरचा 'शुभेच्छा'मधला 'च्छा' असा काही घसरला की भट्टीवाले काका भट्टी सोडून बघायला आले.

"काय गं, आज हात घरी ठेवून आलीस की काय?"

"भाऊ येतोय आज."

"जहाजावरचा?"

"हो," ती म्हणाली आणि खाली मान घालून थर खरवडू लागली.

भाऊ जहाजावर नव्हता. भाऊ तुरुंगात होता, आणि त्याच दिवशी सकाळी सुटला होता.

हा तिचा थोरला भाऊ. ती त्याला दादा म्हणे. एका मोठ्या गोदामात तो माल उचलायची गाडी चालवायचा. संध्याकाळी कधीमधी बहिणीला न्यायला बेकरीत यायचा आणि तिचं आवरेपर्यंत सगळ्यांची चेष्टामस्करी करत उभा राहायचा. एका दुपारी गोदामाच्या जेवणाच्या खोलीत तो सगळ्यांसाठी कलिंगड कापत बसला होता. मुकादम मागून आला आणि दोघांची जुंपली. मुकादम नेमकं काय बोलला ते दादाने कधी कुणाला सांगितलं नाही, कोर्टातही नाही. त्याने हात उगारला तेव्हा हातात सुरी होती. मुकादमाचा तळवा मनगटापर्यंत चिरला गेला आणि त्याची दोन बोटं पुढे कधी मिटली नाहीत. सुरी हातात आहे हे लक्षातच नव्हतं, असं म्हणायला वकिलाने शिकवलं होतं. दादा उभा राहून एवढंच म्हणाला, "हात माझाच होता."

तो आत गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं होतं, "अक्षरताई, तुझा भाऊ हल्ली दिसत नाही तो?" त्या वेळी तिच्यासमोर एका खलाशाच्या निरोपाचा केक होता आणि ती त्यावर निळ्या क्रीमने जहाज काढत होती. जिभेला जे जवळ सापडलं ते तिने उचललं. "जहाजावर लागलाय," ती म्हणाली. मग खोट्याला खोटं जुळत गेलं. जहाज कुठलं, पगार कसा, समुद्र लागतो का. तेच खोटं तिने घरी नेलं आणि सात वर्षांच्या लेकीला, चिमीला सांगितलं, तेच समोरच्या दारातल्या काकूंना. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. तो एकदाच म्हणाला होता, "चिमीला तरी खरं सांगायला हवं होतं." त्यावर ती इतकी चिडली की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

सुरुवातीला ती दादाला भेटायला जायची. नंतर चिमीची परीक्षा आली, मग बेकरीत मोठ्या ऑर्डरी आल्या, मग पाय मुरगळला. पाय बरा झाला तरी ती गेली नाही. नवरा मात्र जात राहिला. आजही तुरुंगाच्या दारावर त्याला घ्यायला नवराच गेला होता. "शनिवारी मला सुट्टी मिळणार नाही," तिने आधीच सांगून टाकलं होतं. खरं तर तिने सुट्टी मागितलीच नव्हती.

संध्याकाळी निघताना भट्टीवाले काका आणि काउंटरवरची मुलगी एक खोकं घेऊन समोर उभी राहिली. खोक्यात केक होता. निळा समुद्र, पांढरं जहाज, जहाजाला दोन धुराडी, आणि खाली काकांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात 'सुखरूप आलात, आनंद झाला'.

"अक्षरांकडे बघू नकोस," काका म्हणाले. "तुलाच लिहायला सांगणार होतो, पण मग गंमत गेली असती. भला माणूस आहे तुझा भाऊ. त्याला सांग, एकदा चक्कर टाक म्हणावं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आभार मानावे लागले, हसावं लागलं, आणि ते खोकं दोन्ही हातांवर तोलत वाटेतल्या सगळ्या ओळखीच्या माणसांसमोरून घरी न्यावं लागलं. जिन्यात काकू भेटल्याच. झाकणाच्या पारदर्शक कागदातून त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, जहाज. आला वाटतं भाऊ. बघ हो, या खलाशांना जमिनीवर झोप लागत नाही म्हणतात." ती "हो ना" म्हणाली आणि जिना चढली. चोराच्या मनात चांदणं. काकूंच्या त्या "वाटतं"मध्ये काही खोच होती का, हे तिने दार उघडेपर्यंत चार वेळा मनात घोळवलं.

जेवायला काय करायचं हे मात्र तिने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. मांसाचा जाड तुकडा तव्यावर भाजलेला, ज्याला स्टेक म्हणतात तो, आणि सोबत भरपूर चीज घातलेला पास्ता. त्यांच्या लहानपणी घरात कुणाचं मन मोडलं की हाच बेत व्हायचा. आई इस्पितळात कामाच्या पाळीवर असायची, वडील नव्हते, आणि स्वयंपाक दादाकडे होता. परीक्षेत मार्क गेले की चीजचा पास्ता. त्याहून मोठं दुःख असलं तर सोबत स्टेक. ती शाळेच्या नाटकात ऐन वेळी वाक्य विसरली आणि सगळं सभागृह हसलं, त्या दिवशी दादाने कुठूनसा एकच तुकडा पैदा केला होता. तो भाजून अर्ध्याहून जास्त तिच्या ताटात टाकला होता आणि म्हणाला होता, "खा ठमे. भरल्या पोटी लाज टिकत नाही." लहानपणी ती गुबगुबीत होती म्हणून तो तिला ठमी म्हणायचा.

तेव्हा आज त्याला हेच जेवण घालायचं. भेटायला न गेलेल्या महिन्यांबद्दल तोंडाने काही बोलता आलं नसतं. तव्यावर बोलता येईल असं तिला वाटलं.

मांस तिने सकाळीच आणून ठेवलं होतं. खाटकाला दोन बोटं जाड कापायला सांगितलं होतं. घरी येताच तिने ते बाहेर काढलं, कोरडं पुसलं, मीठ आणि जाडसर मिरपूड चोळून बाजूला ठेवलं. पास्त्याला पाणी चढवलं. दुसऱ्या शेगडीवर लोणी वितळवून त्यात मैदा परतला आणि दूध थोडं थोडं घालत हलवत राहिली. हे करताना आजूबाजूला बघायचं नाही, नाहीतर गुठळी झालीच म्हणून समज, हेही दादानेच शिकवलेलं. चिमी ओट्यापाशी स्टुलावर चढून चीज किसत होती. निम्मं भांड्यात, निम्मं तोंडात.

"आई, मामाने मला समुद्रातलं काही आणलं असेल?"

"त्याला त्रास द्यायचा नाही. दमून येणारे तो."

"पण शंख तरी?"

"चिमे, खाली उतर. वाफ लागेल."

पास्ता सॉसमध्ये मिसळून, वर चीज पसरून तिने भांडं ओव्हनमध्ये सरकवलं आणि बिडाचा तवा तापत ठेवला. तवा धुरावला तशी ताटं मांडायला घेतली. ताटं, काटे, चमचे. सुऱ्यांचा खण तिने उघडला आणि उघडाच ठेवून उभी राहिली. खण रिकामा होता.

तो तिनेच सकाळी रिकामा केला होता. नवरा निघून गेल्यावर, चिमी दात घासत असताना. भाजीची सुरी, पावाची सुरी, जेवणाच्या टेबलावरच्या दातेरी सुऱ्या, सगळ्या एका जुन्या टॉवेलात गुंडाळून बेकरीच्या रिकाम्या खोक्यात घातल्या होत्या आणि खोकं झोपायच्या खोलीतल्या कपाटावर, मागे भिंतीला लावून ठेवलं होतं. दादा काही करेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तसं कुणी म्हणालं असतं तर त्याच्याशी ती भांडली असती. पण घरात चिमी आहे, असं काहीतरी मनात आलं, आणि मन पुढचा विचार करायच्या आत हात काम करून मोकळे झाले. ते करून ती बेकरीत गेली होती. आणि दिवसभर मांसाचा विचार करताना, ते खायला सुरी लागते हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. नवऱ्याच्या बुटांचा आवाज ती ओळखत होती. बरोबरची पावलं तिला ओळखू आली नाहीत.

दादा वाळला होता. केस अगदी बारीक कापलेले, आणि अंगात नवऱ्याचा शर्ट. तो खांद्यात तंग होत होता. दारात तो थांबला, आत या असं कुणी म्हणायची वाट बघितल्यासारखा.

"ये ना दादा," ती म्हणाली. पुढे होऊन त्याला मिठी मारावी असं ठरवलं होतं. पण हाताला मीठ आणि चरबी होती. "हात खराब आहेत माझे," ती म्हणाली.

"राहू दे. वास आला खालीच," तो म्हणाला. "तवा जास्त तापलाय तुझा."

ती पळत आत गेली. त्याने तेवढं जुन्यासारखं बोलावं याने तिचे डोळे भरून आले, आणि त्याच्यापासून लांब पळायला निमित्त मिळालं याने जीव भांड्यात पडला. दोन्ही एकाच वेळी.

तिने तुकडे तव्यावर टाकले. तुकड्याला छळायचं नाही, एकदा ठेवला की हात मागे. एक बाजू तांबूस झाल्यावर उलटले, लोणी आणि ठेचलेला लसूण टाकला, तवा कलता धरून चमच्याने ते लोणी वरून सोडत राहिली. बाहेर चिमीची वटवट ऐकू येत होती.

"मामा, जहाजावर रात्री दिवे लावतात?"

खुर्ची सरकली. मग दादाचा आवाज आला. "लावतात ना. काही दिवे तर बंदच करत नाहीत. डोळ्यांवर हात ठेवून झोपावं लागतं."

"आणि बाहेर जाता येतं?"

"रोज थोडा वेळ. डेकवर. गोल गोल फिरायचं."

"कंटाळा येत असेल."

"फार येतो," दादा म्हणाला.

नवऱ्याने त्याला वाटेत सांगितलं असणार, की पोरीला असं असं सांगून ठेवलंय. ते सांगताना नवऱ्याला काय वाटलं असेल. आणि ते ऐकताना दादाला. तिने तवा उतरवला, तुकडे कापायच्या पाटावर काढून विसावायला ठेवले आणि शेगडीपाशीच उभी राहिली. कपाटावरचं खोकं आणायचं तर बाहेरच्या खोलीतून, त्यांच्या समोरूनच जावं लागणार होतं. स्टूल न्यावं लागणार होतं. कशाला नेतेस असं चिमीने विचारलं असतं.

शेवटी तिने भिंतीवर अडकवलेली कात्री घेतली. स्वयंपाकघरातली मोठी कात्री, लपवायची राहून गेलेली. दोन बोटं जाड, आतून गुलाबी, रस धरून ठेवलेले ते सुरेख तुकडे तिने कात्रीने चिरले. आधी दादाचा. मग त्याचाच तेवढा चिरलेला दिसू नये म्हणून नवऱ्याचा, चिमीचा आणि स्वतःचाही. रस पाटावर सांडला. आडवेतिडवे कापलेले ते घास तिने पास्त्याशेजारी नीट रचायचा प्रयत्न केला. नीट दिसेनात. तसेच तिने वाढले.

दादाने ताटाकडे पाहिलं. मग चिमीच्या ताटाकडे, मग नवऱ्याच्या. तो नेहमीच झटकन समजणारा माणूस. त्याने टेबलावरून नजर फिरवली. काटे होते, चमचे होते, पाण्याचे पेले होते.

"आई, मी काय बाळ आहे? माझं मी कापते ना," चिमी म्हणाली.

"म्हटलं, गरम गरम खाता येईल सगळ्यांना," ती म्हणाली. आपला आवाज तिला काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलतो तसा वाटला.

नवरा तिच्याकडे बघत होता. त्याला सुऱ्यांचं काही माहीत नव्हतं. आत्ता कळत होतं. त्याच्या कपाळावर आठी उमटली आणि त्याने ती पुसून टाकली.

"बरं केलंस," दादा म्हणाला. त्याने चमचा उचलला. "जहाजावर आम्हाला चमच्यानेच खायची सवय. काटा-सुरी देत नाहीत तिथे."

"का?" चिमीने विचारलं.

"जहाज हलतं ना. कुणाला लागलं-बिगलं तर."

तो खाऊ लागला. तिला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. तिने रचलेलं खोटं उचलून त्याने तिचीच लाज झाकली होती, तीसुद्धा इतक्या सहज, की चिमीला ते पटलंही. ती घास तोंडात फिरवत राहिली. मांस उत्तम झालं होतं. तेही तिला सहन होईना.

"पास्ता जमलाय, ठमे," दादा म्हणाला. "गुठळी नाही."

"तूच शिकवलंयस."

"मी शिकवलं तेव्हा गुठळ्या व्हायच्या. आईला आपण ते चीजचे गोळे आहेत म्हणून सांगायचो."

नवरा हसला. दादाही थोडं हसला. तिला वाटलं, निभावलं. आणि तेवढ्यात चिमीने खोक्याचं झाकण उघडलं.

केक मधोमध आला. निळा समुद्र, पांढरं जहाज, दोन धुराडी. दादा बराच वेळ बघत राहिला. "हे बेकरीतल्यांनी?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. "काका अजून आहेत? त्यांचंच अक्षर दिसतंय," तो म्हणाला. त्याने बोटाच्या टोकाने समुद्राची कड पुसली आणि चाटली. त्याच्या चेहऱ्यावरून तो रागावलाय की काय, हे तिला कळेना. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मामाने कापायचा," चिमी म्हणाली आणि स्वयंपाकघरात धावली. खण ओढल्याचा आवाज आला. दुसरा खण ओढल्याचा आवाज आला.

"आई, सुऱ्या कुठे गेल्या सगळ्या?"

चिमी दारात येऊन उभी राहिली. "एकही नाहीये. चोर आला होता का?"

आता काहीतरी सांगता आलं असतं. धार लावायला दिल्यात, असं सुचलंही. पण दादा पुढ्यातल्या चमच्याकडे बघत होता, आणि तिला दिसत होतं की तोही तिच्यासाठी काहीतरी निमित्त शोधतोय. ते तिला सोसलं नाही. ती उठली. स्टूल उचललं, सगळ्यांसमोरून झोपायच्या खोलीत गेली, कपाटावरून खोकं काढलं आणि आणून टेबलावर ठेवलं. टॉवेल उलगडला. सुऱ्या एकमेकींवर आपटल्या.

"मी ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "सकाळी."

"का?" चिमीने विचारलं.

"चिमे, चल, आपण जरा गच्चीवर जाऊन येऊ," नवरा म्हणाला.

"पण केक?"

"आल्यावर."

ते दोघे गेल्यावर खोलीत ओव्हनचा थंड होतानाचा टकटक आवाज तेवढा राहिला.

"दादा, माझ्या मनात तसं काही नव्हतं," ती म्हणाली.

"असेल थोडं," दादा म्हणाला. "असू दे. माझ्याही मनात असतं कधी कधी. आपला हात आपल्याला माहीत असतो असं वाटतं माणसाला."

"मला लाज वाटतेय."

"माझी की तुझी?"

त्याने ते टोचून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. इतके महिने ती त्याची लाज बाळगत होती आणि तासाभरापूर्वीपासून स्वतःची, आणि दोन्ही आता अशा एकात एक मिसळल्या होत्या की वेगळ्या करता येईनात. ती नुसती रडली. त्याने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. बसून राहिला.

मग म्हणाला, "मी आज इथे राहत नाहीये. जावईबापूंना सांगितलंय. सुटून आलेल्यांसाठी एक वसतिगृह आहे, दुपारी दोघं तिथेच गेलो होतो, खाट मिळालीय. सोमवारपासून लाकडी सामानाला पॉलिश करायचं काम आहे."

बाहेरच्या खोलीत तिने त्याच्यासाठी गादी घातली होती, नवीन चादर आणली होती. आणि तो राहणार नाही हे ऐकल्यावर आधी तिच्या मनात काय आलं असेल, तर सुटल्याची भावना. उद्या सकाळी जिन्यात काकूंसमोर त्याला न्यावं लागणार नाही, हा विचार. तो क्षणभरच आला, पण आला. त्या संध्याकाळी तिने जे जे केलं त्यातलं हेच तिला पुढे सगळ्यात जास्त खात राहिलं, आणि हे कुणाला दिसलं नाही असं तिला तेव्हा वाटलं.

"राहा ना," ती म्हणाली.

"येईन की पुढच्या रविवारी," तो म्हणाला. बहुधा त्याला तेही दिसलं असावं.

तो निघाला तेव्हा चिमीने त्याला केकचा एक तुकडा खोक्यात घालून दिला, धुराड्यांसकट.

चिमीला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. सगळं नाही, पण खरं तेवढं. चिमी ऐकून घेत होती, आणि मामाने माणसाला कापलं यापेक्षा, मामा एवढा वेळ इथेच, बसने जाण्याच्या अंतरावर होता, हेच तिला जास्त लागलं. "मी त्याला चित्रं पाठवली असती," ती म्हणाली. "तू मला खोटं बोलू नको म्हणतेस." त्यानंतर कितीतरी दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. शाळेचा डबा घेताना आभार मानायची, परक्या बाईचे मानावेत तसे.

बेकरीत सांगायला तिला त्याहून वेळ लागला. रोज सांगेन म्हणून जायची आणि रोज कुणीतरी विचारायचं, "मग, भाऊ परत कधी जाणार जहाजावर?" शेवटी एकदा भट्टीवाले काका एकटे असताना तिने मान खाली घालूनच सांगून टाकलं. काका पाव बाहेर काढत होते. त्यांनी सगळे काढले, फळी भिंतीला लावली, आणि म्हणाले, "माझ्याशीसुद्धा, अक्षरताई?" बाकी काही बोलले नाहीत. पूर्वीसारखंच वागत राहिले, पण हात घरी ठेवून आलीस का असलं काही पुन्हा त्यांनी विचारलं नाही. तिची मस्करी करणं त्यांनी सोडलं, ते सोडलंच.

दादा रविवारी येऊ लागला. दरवेळी नाही, पण बहुतेक. त्याच्या अंगाला पॉलिशचा वास यायचा आणि नखं काळी असायची. चिमी त्याला धडाधड प्रश्न विचारायची. आत काय खायचात, भांडणं व्हायची का, तू रडलास का. तो सगळ्याची उत्तरं द्यायचा. "रडलो," म्हणायचा. "पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या." ती आत भाजी निवडत ऐकायची. पोरीने विचारलेलं एकही तिने कधी त्याला विचारलं नव्हतं.

लाज एकदम जात नाही. त्याची बेल वाजली की ती आधी दाराच्या भिंगातून जिना रिकामा आहे का ते बघायची आणि मग दार उघडायची. सवय लागली होती. ती मोडायची असं ती दर रविवारी ठरवायची.

एका रविवारी काकूंनी दार वाजवलं. त्यांना कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवायचं होतं आणि घरात पुरुषमाणूस नव्हतं. नवरा कामावर होता. रविवारीही लिफ्ट अडकतात. "चला, मी येतो काकू," दादा म्हणाला आणि चपला न घालताच निघाला. काकूंनाही एव्हाना सगळं कळलं होतं. तिनेच सांगितलं होतं, जिन्यात, पिशव्या हातात असताना, चटकन. काकूंनी तेव्हा "अगंबाई" एवढंच म्हटलं होतं.

ती दादाच्या मागोमाग काकूंच्या दारापर्यंत गेली. दादा आत गेला. काकू वाटेत थांबल्या, टेबलावर पडलेली आपली पर्स त्यांनी उचलली आणि काखेत धरली. बोलत होत्या त्या कपाटाबद्दलच. पर्स उचलताना त्यांचं बोलणं तुटलंही नाही. आपण काय केलं हे त्यांना ठाऊकही नसेल.

दादाने पाहिलं. त्याने मान वळवली आणि कपाटाच्या मागे किती जागा आहे ते वाकून बघू लागला.

अक्षरताई उंबऱ्यात उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच विझली. काकूंवर रागवावं असा तिला हक्क नव्हता. ती आत गेली आणि कपाटाची दुसरी बाजू धरली.

"तू राहू दे गं, जड आहे," दादा म्हणाला.

"धरते ना."

"मग खालून धर. मी म्हणेन तेव्हा उचल."

दोघांनी कपाट उचललं. काकू पर्स धरून बाजूला झाल्या.